फड भरवणारा माणूस

मोडनिंबला ‘फड’ म्हटले की तमाशाचाही आठवतो आणि कुस्त्यांचाही. तमाशाचा फड मालकाच्या नावाने ओळखला जातो. कुस्त्यांचा फड मात्र जणू आपोआप भरतो! आपल्या कुस्तीविषयक लेखनात मल्ल असतो, वस्ताद असतो, राजाश्रय असतो. वर्गणी जमवणारा, तोडीस तोड जोड ठरवणारा, इनाम जाहीर करणारा माणूस बहुधा नसतो. ही उणीव केवळ तपशिलाची नाही.

व्यावसायिक मुष्टियुद्धाचा इतिहास या माणसाला वगळून लिहिताच येत नाही. १९२१ साली टेक्स रिकार्डने जर्सी सिटीत डेम्प्सी आणि कार्पेंतिए यांची लढत लावली. एक सैन्यात न गेल्याचा ठपका असलेला अमेरिकन, दुसरा महायुद्धात लढलेला फ्रेंच वैमानिक. रिकार्डने हा विरोध विकला. लढत चौथ्या फेरीतच संपली, पण तिकीटविक्री प्रथमच दहा लाख डॉलरांपुढे गेली.

आपल्याकडे शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाचे (१९१२) वर्णन ‘राजाश्रय’ या एका शब्दात उरकले जाते. तो शब्द अपुरा आहे. आश्रय मल्लाला खुराक देतो. प्रेक्षक घडवत नाही. मधोमध हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, ही रचना पाहणाऱ्याचा विचार करूनच झाली. महाराज आश्रयदाते होते, तसेच फड भरवणारेही होते.

खाशाबा जाधवांची गोष्टही आपण अर्धीच सांगतो. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, हे सारे जाणतात. परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या ठेवून त्या मिळकतीतून हे ऋण फेडले, हे मात्र ओझरते येते. हौशी खेळाच्या पदकाचा खर्च अखेर इनामी मैदानाने, म्हणजे तिकीट काढून आलेल्या माणसांनी उचलला.

फड भरवणाऱ्याची आरती ओवाळा, असे मी म्हणत नाही. नुरा कुस्तीही त्याच्याच मांडवाखाली होते. पण त्याची नोंदच नसेल, तर श्रेय कोणाला आणि दोष कोणाला द्यायचा? मल्लाची ढाल दिवाणखान्यात राहते. जमाखर्चाची वही रद्दीत जाते. मल्लाच्या घामाचे मोल कोणी ठरवले आणि त्याच्या हाती किती पडले, हे त्या वहीतच असते.