'सोशल डायग्नोसिस' : साक्ष आणि कैवार

मेरी रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. समाजकार्याच्या अभ्यासक्रमांत त्याचे नाव आदराने घेतले जाते. वाचला मात्र तो क्वचितच जातो. त्याआधी दोनच वर्षे बाल्टिमोरच्या परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्याला पूर्णार्थाने व्यवसाय म्हणण्यास नकार दिला होता. समाजकार्यकर्ता गरजूला डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्याशी जोडून देतो. दुसऱ्यास शिकविता येईल असे त्याचे स्वतःचे तंत्र नाही, असा त्या आक्षेपाचा मथितार्थ. रिचमंडबाईंचा ग्रंथ हे त्याचे सर्वांत भारदस्त उत्तर होय.

ते तंत्र म्हणजे पुरावा पारखण्याची शिस्त. प्रत्यक्ष पाहिलेले कोणते, ऐकीव कोणते, साक्ष देणाऱ्याचा पूर्वग्रह कोठवर पोचतो, हे प्रश्न न्यायशास्त्र व इतिहास यांच्याकडून घेऊन बाईंनी ते गरिबाच्या उंबरठ्यावर आणले. या शिस्तीत 'आळशी' हा शेरा वस्तुस्थिती ठरत नाही. तो फार तर अनुमान ठरतो. दानधर्माच्या नोंदवहीला इतका न्याय तोवर क्वचितच लाभला असेल. ग्रंथाच्या तिसऱ्या भागातील प्रश्नावल्या पुढे हाताशी धरल्या गेल्या आणि त्यांमागील हा विवेक मागे पडला, याचा दोष ग्रंथाकडे जात नाही.

दोष आहे तो अन्यत्र. एकेका कुटुंबाविषयी इतक्या काटेकोरपणे जमविलेला पुरावा शेकडो कुटुंबांचा झाला, म्हणजे त्याचे काय करावयाचे? फ्रेड हॉल यांच्यासह बाईंनी १९१३ साली ९८५ विधवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साहित्य धर्मादाय संस्थांच्या नोंदींतलेच. पण विधवा मातांना सरकारी निधीतून वेतन द्यावे, या मागणीस त्यांचा विरोध कायम राहिला. इलिनॉयने तसा कायदा १९११ सालीच केला होता. प्रत्येक घराची गरज निराळी, सरसकट वेतनाने ती भागत नाही, हे त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. परंतु ९८५ घरांत तीच ददात पुनःपुन्हा दिसत असेल, तर तिला एकेका घराची म्हणणे ही पुराव्याशीच प्रतारणा ठरते. शिकागोच्या हल-हाउसमधील स्त्रियांनी हे ओळखले होते. १८९५ साली त्यांनी वस्तीतील घरोघरचे वेतन व मूळ देश नकाशांवर उतरविले. फ्लॉरेन्स केली यांच्या लेखी आकडे जमविणे आणि कारखान्यांच्या कायद्यासाठी झगडणे ही एकाच कामाची दोन अंगे होती.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मराठी मिशनमार्फत मुंबईस आले. १९२६ साली नागपाड्यात त्यांनी वस्तीकेंद्र उघडले आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा त्यांच्याच नेतृत्वाखाली सुरू झाली. (चाळीत शेजारी हा बाहेरचा साक्षीदार कधीच नसतो, रिचमंडबाईंचे वर्गीकरण येथे थोडे अडखळते.) पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालेल्या याच शाळेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे पोलिसांच्या आवारातच बसून समाजकार्यकर्ती मारहाण सोसलेल्या स्त्रीची हकीकत लिहून घेऊ लागली. त्या एकीच्या संरक्षणासाठी झालेली नोंद, नाव-गाव वगळून, सगळ्यांसाठी कायद्याच्या दारी उभी करता येते. एकीची जखम हा कौटुंबिक तंटा ठरविता येतो. त्याच चाळीतून, त्याच जिन्याने उतरून आलेल्या पन्नासावीची नव्हे.