नाव शेवटच्या कडव्यात

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका कार्यशाळेला जाऊन बसलो. विषय होता, स्वतंत्र गायक-गीतकारांनी स्वतःची प्रसिद्धी कशी करावी. समोर पंचवीसएक मुलंमुली, बहुतेकांजवळ गिटार, एकीच्या पुढ्यात हार्मोनियम. अडीच तासांत एकानेही गाणं म्हटलं नाही आणि कुणी म्हणायला सांगितलंही नाही. रील किती सेकंदांचं असावं, पहिल्या तीन सेकंदांत चेहरा दिसावा की अक्षरं, गाणं शुक्रवारीच का सोडावं, प्लेलिस्ट करणाऱ्यांना किती दिवस आधी कळवावं, हे सगळं झालं. शेवटी हार्मोनियमवाल्या मुलीने विचारलं, "सर, माझ्या गाण्यातली खरी ओळ चौथ्या कडव्यात येते. तिचं काय करू?" उत्तर आलं, "ती उचलून सुरुवातीला आण." तिने ते वहीत लिहून घेतलं.

तिने ते लिहून घेतलं म्हणून मी हे लिहितो आहे.

प्रसिद्धीला माझा विरोध नाही. स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणाऱ्याला कुणी वाली नसतो, तेव्हा त्याने स्वतःचा डंका स्वतःच वाजवला पाहिजे. आपल्याकडे ही रीत जुनी आहे आणि चांगली धीट आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी स्वतःचं नाव घालतो. तुका म्हणे, नामा म्हणे. लावणीत पठ्ठे बापूराव आपलं नाव गोवतात. ही नाममुद्रा म्हणजे मालकीची खूण. गाणं तोंडोतोंडी गेलं, चार गावं ओलांडून पाचव्या गावात दुसऱ्याच्या गळ्यातून निघालं, तरी नाव वृत्तात जडवलेलं असतं. ते काढायला गेलं की चरण लंगडतो. आजच्या कुठल्याही ॲपला इतकी पक्की सोय जमलेली नाही. तिथे गाणं तिसऱ्या हातात जाईपर्यंत लिहिणाऱ्याचं नाव गळून पडलेलं असतं. पण मुद्रेची जागा पाहा. ती शेवटी येते. पूर्ण गाणं ऐकणाऱ्यालाच कवीचं नाव कळतं.

वामनदादा कर्डकांकडे या दृष्टीने कुणी पाहिलं आहे का, मला माहीत नाही, पाहायला हवं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, मोठेपणी अक्षरं शिकलेला हा माणूस २००४ साली गेला, तोवर महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांतून आंबेडकरांची गाणी लिहीत आणि गात फिरला. गायन पार्ट्यांनी ती गाणी उचलली, जयंतीच्या मंडपांतून ती गावोगाव गेली. "वामन" हे नाव मात्र शेवटच्या ओळीत टिकून राहिलं. ज्या माणसांसाठी गाणं लिहिलं, त्यांच्या अंगणात जाऊन ते अखेरपर्यंत म्हणायचं, ही त्यांची प्रसिद्धी. दुसरी कुठली त्यांना परवडणारीही नव्हती.

भावगीतगायक गजाननराव वाटवे पेटी घेऊन पुण्याच्या गणेशोत्सवात गायला बसत तेव्हा रस्ते भरून जात. कविता बहुधा दुसऱ्याची, पण चाल आणि गळा स्वतःचा. रेमो फर्नांडिसने १९८४ साली गोव्यातल्या शिवोलीच्या आपल्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर 'गोअन क्रेझी' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. वाद्यं त्याची, आवाज त्याचा, आणि कॅसेट स्कूटरवर लादून दुकानोदुकानी पोचवणाराही तोच. रेमो शाहिरांच्या परंपरेतला नाही, तो इंग्रजीत गात होता. तरी त्याला आणि वामनदादांना मी एकाच ओळीत बसवतो. त्या स्कूटरवर जी कॅसेट होती तिच्यात गाणी पूर्ण होती.

आता आजचं. जुन्या भावगीतांना गिटारचे चार कॉर्ड जोडून त्यांना 'अनप्लग्ड' म्हणणारे गीतकार नाहीत, त्यांना इथे जागा नाही. गायक-गीतकार प्रतीक कुहाडनंतर हिंदीत हळुवार उदास होणाऱ्या मराठी मुलांची गाणी मी पुष्कळ ऐकली. त्यांत पाऊस आहे, पण तो कुठल्या गावावर पडतो ते कळत नाही. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर वाजलं, ही गोष्ट मी हलकी मानत नाही. जळगाव जिल्ह्यातला मुलगा स्वतः लिहितो, स्वतः गातो आणि मराठी न समजणाऱ्यांनाही नाचवतो. मराठी भाषा आड येते, ही रडकथा त्याने कायमची बंद केली. त्याच वर्षी श्रेयस सागवेकर आणि क्रेटेक्स यांचं 'तांबडी चामडी' स्पिनिन या परदेशी लेबलवर आलं, तेही अस्सल मराठी लहेजा घेऊन. दोघांनाही माझा सलाम. त्यांच्या मागून आलेली साड्यांची, नथींची आणि पैंजणांची रांग मात्र मी अर्ध्यातून सोडली. ती गाणी अर्ध्यापुढे लिहिलेलीच नव्हती.

माझा जीव कशात अडकला आहे ते सांगतो. सांगलीकडच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, सतरंजीवर बसलेल्या चाळीसेक लोकांपुढे, मी एका तरुण मुलीला तिचं स्वतःचं गाणं गाताना ऐकलं. विषय, वडिलांच्या रानातला ऊस. तोड येत नाही. कारखान्यात नोंद आहे, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयकडे खेटे घालून झाले आहेत, उसाला तुरा आला आहे, वजन रोज घटतं आहे. चाल ओवीच्या अंगाची, जात्यावरची वाटावी अशी. सोबत हार्मोनियम आणि एका मुलाने वाजवलेली दिमडी, बास. पहिल्या कडव्यात नुसतं शिवार आहे. दुसऱ्यात वडील रोज संध्याकाळी रस्त्यावर उभे राहून ट्रॅक्टरचे दिवे मोजतात. तिसऱ्यात टोळी येते, आणि टोळीबरोबर शेतकऱ्याने वरून द्यायची खुशाली येते, गाडीवाल्याची एंट्री येते, कोंबड्याचं जेवण येतं. इथवर गाणं शेतकऱ्याच्या बाजूने उभं आहे आणि ऐकणारे माना डोलवत आहेत, कारण ही त्यांची रोजची कथा. चौथ्या कडव्यात तिने एकदम फडातल्या मजुरांच्या कोपीत नेलं. तिच्याच वयाची एक मुलगी पहाटे तीनला मोळी बांधते आहे, आणि खुशालीचे ते पैसे कशाला लागतात, हे तिच्या तोंडून येतं. वडिलांचा राग कुठे ठेवावा, ते गाणाऱ्या मुलीलाच कळेनासं होतं. सूर एका जागी थांबतो, दिमडी थांबते. सतरंजीवरचे बागायतदार मान खाली घालून बसले होते.

सात-आठ मिनिटांचं गाणं. त्याचा कुठला पंधरा सेकंदांचा तुकडा तोडणार? शिवाराचं कडवं तोडलं तर ते पर्यटनाचं गाणं. खुशालीचं तोडलं तर मजुरांवर राग काढणारं गाणं, आणि ते नक्की पसरेल, कारण राग पसरतो. कोपीचं तोडलं तर नुसती कणव. हे सगळे तुकडे खोटे आहेत. चारही कडवी लागोपाठ ऐकणाऱ्यालाच ते गाणं मिळतं.

अशी गाणी लिहिणारी मुलं आज कोल्हापूर, परभणी, नाशिक, कल्याणला आहेत. कुणी दोतारा घेऊन गातं, कुणी गिटारवर, कुणी नुसत्या टाळीवर. ती घरातल्या मैफलींत गातात, वाचनालयांत, महाविद्यालयांच्या व्हरांड्यात, एखाद्याच्या गच्चीवर. मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅप करणाऱ्या मंडळींनी २०१९ मध्ये आरेच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यावरच्या प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन 'द वारली रिवॉल्ट' केलं, तेही मला याच कुळातलं वाटतं. बाहेरून ते रॅप आहे, आतून शाहिरी. ज्याचं जंगल त्याचा आवाज गाण्यात बसवला आहे, आणि तो आवाज शोभेपुरता ठेवलेला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात आरेतली झाडं रातोरात पाडली गेली. गाण्याने ती वाचली नाहीत. पण भोईरांचा पाडा नकाशावर कुठे आहे, हे मुंबईतल्या कितीतरी मुलांना गाण्यातून कळलं.

या सगळ्यांना एकच सल्ला मिळतो, जो त्या कार्यशाळेत मिळाला. म्हणून तो सल्ला मुळातून तपासू. ऐकण्याच्या ॲपवर तीस सेकंद वाजलं की एक 'ऐकणं' धरतात. त्यामुळे गाणाऱ्याचा सगळा जीव तिसाव्या सेकंदापर्यंत पोचण्यात जातो. चौथ्या मिनिटाला काय होतं, याला त्या हिशेबात किंमतच नाही. जगभरात रोज लाखाच्या आसपास नवी गाणी चढवली जातात. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचा पैसाच मिळणार नाही. मग हजाराचा आकडा गाठण्यासाठी पैसे घेऊन वाजवून देणारे दलाल भेटतात. तिथली वाजवणी खोटी निघाली तर गाणं उतरवलं जातं आणि वर दंड बसतो, आणि आपण कुणाला पैसे दिले हेही त्या बिचाऱ्या मुलाला नीट ठाऊक नसतं. घरून आणलेल्या पैशांत स्टुडिओ, मिक्सिंग, व्हिडिओ, आणि त्यावर हा भुर्दंड.

कार्यशाळेच्या त्या अडीच तासांत आयपीआरएसचं नाव एकदाही निघालं नाही. गीतकार आणि संगीतकार म्हणून तिथे सभासद व्हायचं असतं. तुमची रचना कुठे जाहीरपणे वाजली, तर त्याचं शुल्क गोळा करून तुमचा वाटा देणारी ती संस्था आहे. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायदा असा झाला, की चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रिकेतल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा कुणी करारात लिहून घेऊ शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गीतकार एकरकमी पाकिटावर सही करत आले, तिथे हा बदल किती मोठा! तो त्या मुलांना कुणी सांगितला नाही. रीलवर अक्षरं कोणत्या रंगात दिसावीत, ते सांगितलं. शिकवणाऱ्यांनी आपली यादी बदलावी. गाण्याची नोंद, शब्दांची मालकी, मानधनाचा कागद आणि प्रवासखर्च आधी शिकवा. रील शेवटच्या दहा मिनिटांत शिकवलं तरी चालेल, ते मुलांना तुमच्यापेक्षा चांगलं येतं.

आयोजकांनाही विचारायचं आहे. "मानधन नाही, पण तुमची ओळख होईल" हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं आहे; ते बोलणाऱ्याचा चेहरा बदलतो, पट्टी बदलत नाही. मांडववाल्याला कुणी ओळख देतं का? त्याला आगाऊ रक्कम लागते आणि ती मिळते. नवीन मराठी गाण्याला तिकीट काढून लोक येत नाहीत, अशी सबब पुढे येते. २००३ साली सुरू झालेल्या 'आयुष्यावर बोलू काही'ने ती केव्हाच खोटी पाडली आहे. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी स्वतःच्याच कविता आणि गाण्यांवर वर्षानुवर्षं नाट्यगृहं भरवली. चित्रपटाची कुबडी नव्हती. लोक पूर्ण कविता ऐकायला आले, पूर्ण गाणी ऐकून गेले. त्या गाण्यांपैकी सगळी मला आवडतात असं नाही, पण ती वाट चालून दाखवलेली आहे.

आणि आपण, लिहिणारे? वृत्तपत्रांत नाटकाचं परीक्षण येतं, चित्रपटाचं येतं, पुस्तकाचं अधूनमधून येतं. स्वतंत्र मराठी गाण्याचं परीक्षण मी शेवटचं कधी वाचलं, आठवत नाही. मीही लिहिलेलं नाही. गाण्यावर चार ओळी कुणी लिहीतच नसेल, तर मुलं आकड्यांकडे पाहणार नाहीत तर काय करतील? आकडा हेच त्यांना मिळणारं एकमेव परीक्षण आहे. आपल्या भावगीतांच्या सवयीनेही त्यांना अडवलं आहे. आकाशवाणीवर गीत एकाचं, संगीत दुसऱ्याचं, स्वर तिसऱ्याचा, अशी तीन नावं ऐकत आपण वाढलो. तिन्ही एकाच माणसाने केलं की आपल्याला ते कच्चं वाटतं, हौशी वाटतं. शाहिराला तसं कुणी म्हटलं नाही, कारण शाहिराला आपण लोककलेच्या कपाटात ठेवून दिलं. ते कपाट उघडलं पाहिजे. आज स्वतः लिहून गाणारी ही मुलं वाटव्यांपेक्षा वामनदादांची जास्त जवळची नातलग आहेत, आणि त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी तिथूनच यायला हवी.

दिवाळी पहाटेचं घ्या. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, जिथे मराठी माणूस पहाटे उटणं लावून खुर्चीवर येऊन बसतो, तिथे दरवर्षी तीच पन्नास-साठ गाणी होतात. गाणी थोर आहेत. मीही ती लहानपणापासून ऐकली, आईच्या आवाजात ऐकली, अजून ऐकतो. पण त्यांतलं प्रत्येक गाणं कधीतरी नवं होतं. 'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, तेव्हा माडगूळकर आणि फडके दर आठवड्याला एक नवं गाणं देत होते आणि ऐकणारे पुढच्या आठवड्याची वाट पाहत होते. नवं गाणं ऐकायला बसायची ती सवय आपणच मोडली. सभागृह भरलेलं आहे, वाद्यवृंद बसलेला आहे, पैसे आलेले आहेत, लोक शांत आणि प्रसन्न आहेत. स्वतः लिहून गाणाऱ्या मुलीला याहून चांगली जागा कुठली? तिला जागा द्यायला काहीही लागत नाही, फक्त साठातलं एक गाणं वगळावं लागतं.

येत्या दिवाळीला माझ्या ओळखीच्या प्रत्येक मंडळाला मी हे लिहून पाठवणार आहे. एक गाणं नव्या माणसाचं, त्याचं त्यानेच लिहिलेलं. मानधन वादकाइतकं तरी. नाव पत्रिकेत छापलेलं. आणि चौथं कडवं संपेपर्यंत निवेदकाने माइकला हात लावायचा नाही.