'स्पॅनर'मधील कालविचार : एक परीक्षण

एकाच भांडारातील नोंदी अनेक संगणकांवर विखुरलेल्या असल्या, म्हणजे 'आधी' व 'नंतर' हे साधे शब्दही वादग्रस्त होतात. कारण कोणत्याही दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 च्या आपल्या निबंधात घड्याळ बाजूस ठेवून, केवळ संदेशांच्या देवघेवीवरून क्रम लावून दाखविला. या उपायाची उणीवही त्यांनीच नमूद केली, हे विशेष होय. एखाद्याने एका यंत्रावर नोंद करून मित्रास दूरध्वनीवरून दुसऱ्या यंत्रावर नोंद करावयास सांगितले, तर यंत्रांना त्या संभाषणाचा पत्ता नसतो आणि मागाहूनची नोंद आधीची ठरू शकते.

गूगलमधील कॉर्बेट, डीन प्रभृतींचा 'स्पॅनर' या भांडारावरील निबंध (2012) ही उणीव भरून काढतो. त्यांचे घड्याळ एक क्षण सांगतच नाही; खरी वेळ अमुक दोन क्षणांच्या दरम्यान आहे, एवढेच सांगते. उपग्रह-संकेत व आण्विक घड्याळे यांच्या आधारे दर 30 सेकंदांनी ताळा घेतला जातो. मधल्या काळात घड्याळ दर सेकंदास 200 मायक्रोसेकंद ढळेल असे गृहीत धरल्याने त्रुटीची मर्यादा सुमारे 1 पासून 7 मिलिसेकंदांपर्यंत वाढत जाते. नोंदीवर घातलेला क्षण निःसंशय मागे पडेपर्यंत यंत्र थांबते, आणि मगच ती नोंद इतरांस दिसू देते. आपले अज्ञान मोजून त्याची किंमत प्रतीक्षेने चुकती करावयाची, ही कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. अशा पद्धतीस 'ट्रूटाइम', म्हणजे सत्यकाल, हे नाव द्यावे याचे मात्र नवल वाटते. संशयकाल म्हटले असते तर अधिक शोभले असते!

आमचा खरा आक्षेप 200 मायक्रोसेकंदांच्या त्या गृहीताविषयी आहे. घड्याळ त्याहून अधिक ढळले तर? लेखकांचे उत्तर असे की, सदोष घड्याळांपेक्षा सदोष प्रोसेसरांचा संभव सहापट आहे. यंत्रे किती व बिघाड किती, हे न सांगता दिलेले गुणोत्तर वाचकाने केवळ विश्वासाने स्वीकारावयाचे काय? शिवाय त्यावरून दोष विरळ आहे एवढेच कळते. अशा घड्याळाने दिलेली मर्यादाच खोटी असल्यामुळे यंत्र वेळेपूर्वीच थांबणे सोडते, आणि क्रम बिघडल्याची कोणास शंकाही येत नाही. मर्यादेबाहेर ढळणारी यंत्रे काढून टाकली जातात, हे मान्य. परंतु ती हेरली जाईपर्यंत झालेल्या नोंदी कशा पारखाव्यात, याविषयी निबंधात विवेचन नाही.