दौऱ्यावरून परत आलेल्या माणसाला काय विचाराल?

विद्यापीठाची खिडकी तुम्हाला नवीन नाही. पेटचा निकाल, पात्रता प्रमाणपत्र, मायग्रेशन, आणि एकदा नाव नोंदलं की दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल. पीएचडी किती लांबणार हे मार्गदर्शकाइतकंच त्या खिडकीमागच्या टेबलावरही अवलंबून असतं, हे दुसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येकाला कळतं. तरीही उच्च शिक्षणावरचे प्रबंध चाळून बघा. विद्यार्थ्यांवर भरपूर, प्राध्यापकांवर बऱ्यापैकी, आणि त्या टेबलावर बसणाऱ्या माणसांवर अगदी मोजके.

माझा विषय त्या मोजक्यांतला आहे. युरोपातल्या विद्यापीठांचे प्रशासकीय कर्मचारी एकमेकांच्या देशात जाऊन एकमेकांचं काम बघतात, शिकतात, परत येतात. आज त्यावर होणाऱ्या संशोधनाबद्दल थोडं तक्रारीच्या सुरात लिहितेय. माझी स्वतःची चूकही याच तक्रारीत येते, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आधी प्रकार काय आहे ते बघू

इरॅस्मस हा युरोपचा विद्यार्थी-देवाणघेवाणीचा कार्यक्रम १९८७ साली सुरू झाला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणासाठी जाण्याची सोय त्यात २००७ नंतर आली. २०१४ पासून हाच कार्यक्रम इरॅस्मस प्लस या नावाने चालतो. युरोपातल्या युरोपात जायचं तर प्रवासाचे दिवस सोडून किमान २ आणि जास्तीत जास्त ६० दिवस. २०१५ पासून युरोपाबाहेरच्या विद्यापीठांशीही अशी देवाणघेवाण होऊ लागली आणि त्यात भारतही आहे. तिथे किमान ५ दिवस लागतात.

जाण्याचे दोन ढोबळ प्रकार आहेत. एक म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातल्या आपल्याच कामाच्या माणसाशेजारी बसून तो काम कसं करतो ते बघायचं. दुसरा म्हणजे 'स्टाफ वीक'. यजमान विद्यापीठ वेगवेगळ्या देशांतल्या वीस-तीस जणांना एकदम बोलावतं. सोमवारी स्वागत आणि ओळखी, मग सादरीकरणं, कॅम्पसची फेरी, गटचर्चा, एका संध्याकाळी शहर दाखवणं आणि शुक्रवारी प्रमाणपत्र. निघण्यापूर्वी एक करार होतो. काय शिकणार आणि त्याचा कार्यालयाला काय उपयोग होणार, हे त्यात लिहून कर्मचारी, पाठवणारी संस्था आणि यजमान संस्था अशा तिघांच्या सह्या होतात. परत आल्यावर कर्मचारी ऑनलाइन अहवाल भरतो.

गडबड कुठे होते

हा अहवाल आणि त्यासारख्या प्रश्नावल्या हाच या विषयावरच्या बऱ्याच अभ्यासांचा कच्चा माल असतो. प्रश्न साधारण असे: तुमची कौशल्यं वाढली का? आत्मविश्वास वाढला का? अनुभवाबद्दल समाधानी आहात का? उत्तरं बहुतेक 'हो' अशीच येतात.

आता विचार करा. तुमच्या वरिष्ठांनी तुम्हाला आठवडाभर परदेशी पाठवलं, खर्च कार्यक्रमाने केला, तिथल्या लोकांनी प्रेमाने जेवू घातलं. परत आल्यावर कुणी विचारलं, 'काही शिकलात का?' तर तुम्ही 'नाही' म्हणाल?

हे उत्तर खोटं असतं असं मी म्हणत नाही. ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन आणि परिणाम. माणसाला आवडलं का, कळलं का, तो कामात वेगळं काही करतो का, आणि त्यामुळे संस्थेत काही बदललं का. आपल्याकडची उत्तरं पहिल्या टप्प्यावरची, फार तर दुसऱ्याच्या उंबरठ्यावरची. निष्कर्ष मात्र थेट चौथ्याचे: 'विद्यापीठांचं आंतरराष्ट्रीयीकरण बळकट झालं.' मधल्या दोन पायऱ्या कोण चढलं, हे कुणी सांगत नाही.

अनुदानाची रचनाही याला साथ देते. प्रवासाचा पैसा अंतराच्या टप्प्यांवर ठरतो आणि राहण्याचा दिवसांवर व देशावर. माणूस किती लांब गेला आणि किती दिवस राहिला, याचा हिशेब चोख मिळतो. त्याच्या टेबलावरचा एखादा फॉर्म कमी झाला का, याचा कुणी मागतही नाही. आणि संशोधकाला आयता डेटा जिथे मिळतो तिथेच तो प्रश्न विचारायला लागतो. ही सवय तुम्हालाही लागेल, सांभाळा.

माझीच प्रश्नावली

पहिल्या वर्षी मी अगदी हेच केलं. दौऱ्याआधी एक प्रश्नावली, दौऱ्यानंतर तीच प्रश्नावली, दोन्हींतला फरक म्हणजे 'प्रभाव'. पाच गुणांची मोजपट्टी, सुबक तक्ते. मॅडमनी आराखडा वाचला आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, हा तर फीडबॅक फॉर्म झाला. यात ऑफिस कुठे आहे?"

राग आला होता तेव्हा. पण त्या बरोबर होत्या. मी माणसाला मोजत होते आणि दावा कार्यालयाबद्दल करत होते. अभ्यासाचं एकक काय, हा प्रश्न पद्धतीशास्त्राच्या पेपरात दोन मार्कांचा असतो. प्रत्यक्षात तो चुकला तर अख्खा प्रबंध वाकडा जातो.

टिमथी बाल्डविन आणि केविन फोर्ड यांचा १९८८ चा लेख नंतर वाचला. प्रशिक्षणात शिकलेलं कामात उतरतं की नाही, हे तीन गोष्टींवर अवलंबून असतं असं ते मांडतात: शिकणारा माणूस, प्रशिक्षणाची रचना आणि कामाच्या ठिकाणचं वातावरण. तिसरी गोष्ट तुम्हा-आम्हाला वेगळी समजावून सांगायला नको. क्लार्क बाहेरून छान कल्पना घेऊन आला, पण फाईल जुन्याच पाच सह्यांतून जाणार असेल आणि साहेब 'आपल्याकडे असं चालत नाही' म्हणणार असतील, तर त्या कल्पनेचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

आणखी एक मेख आहे. जातं कोण? ज्याला इंग्रजी येतं, ज्याचा वरिष्ठ सोडतो, ज्याच्या घरी आठवडाभर कुणी सांभाळणारं आहे, आणि बहुधा जो आधीच आंतरराष्ट्रीय कक्षात काम करतो. परीक्षा विभागातला, वसतिगृहाच्या कार्यालयातला माणूस मागे राहतो, आणि परदेशी विद्यार्थ्याची गाठ नेमकी त्याच्याशीच पडते. गेलेल्यांचा आत्मविश्वास जास्त दिसला, तर तो जाण्याने वाढला की आत्मविश्वास होता म्हणून ते गेले? न गेलेल्यांशी तुलना केल्याशिवाय यावर बोलता येत नाही.

याला एक चांगला अपवाद सांगते. २०१६ ते २०१९ या काळात स्पेनमधल्या तारागोना इथल्या रोविरा इ व्हर्जिली विद्यापीठाच्या पुढाकाराने 'सक्टी' नावाचा प्रकल्प झाला. काही कर्मचाऱ्यांना प्रशिक्षक म्हणून तयार करायचं आणि त्यांनी आपापल्या विद्यापीठात जाऊन सहकाऱ्यांना शिकवायचं, अशी त्याची कल्पना होती. म्हणजे न गेलेला माणूस आराखड्यातच धरलेला होता. मला तो पटतो तो यासाठी.

मग मोजायचं काय?

कार्यालयात उमटणारी खूण शोधा. एक उदाहरण देते. इरॅस्मसमधल्या विद्यापीठांच्या आपसातल्या करारात गुणपत्रक किती आठवड्यांत पाठवणार ते लिहायचं असतं, आणि ते साधारणपणे ५ आठवड्यांपेक्षा जास्त नसावं अशी अपेक्षा आहे. झालं, खूण मिळाली. दौऱ्याआधीच्या दोन वर्षांत किती गुणपत्रकं वेळेत गेली आणि नंतरच्या दोन वर्षांत किती? त्याच विद्यापीठातल्या ज्या विभागातून कुणी गेलं नाही, तिथे याच काळात काय झालं? हा दुसरा प्रश्न सोडू नका. मधल्या काळात नवीन सॉफ्टवेअर आलं असेल, तर त्याचं श्रेय तुम्ही दौऱ्याला देऊन बसाल.

आणि यापाठी एक माणूस उभा आहे. गुणपत्रक अडकलं की परत आलेल्या विद्यार्थ्याचं सत्र मोजलं जात नाही, पदवी रखडते, कुणाची शिष्यवृत्ती थांबते. त्याला कर्मचाऱ्याच्या आत्मविश्वासाच्या सरासरीचा काही उपयोग नाही.

पण आकड्यांवर सगळं सोडू नका, असंही सांगायला हवं. माझ्या मुलाखतींत एक गोष्ट वारंवार आली आणि ती कुठल्याच तक्त्यात बसत नव्हती. लोक म्हणायचे, सादरीकरणं विसरलो, पण आता एखादी केस अडली की तिकडच्या ओळखीच्या माणसाला सरळ मेल टाकतो. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये सैल ओळखींची ताकद दाखवली ती हीच. जवळच्यांना ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं, नवीन माहिती येते ती लांबच्या ओळखीतून. त्यामुळे 'नुसते फिरून येतात' हा शेरा मला मान्य नाही. चहाच्या वेळेतली ओळख कदाचित अख्ख्या आठवड्यातली सगळ्यात कामाची गोष्ट असेल. पण तेही गृहीत धरू नका, तपासा. "चांगले संपर्क झाले का?" असं विचारू नका. "गेल्या सहा महिन्यांत तिथल्या कुणाला, कोणत्या अडचणीसाठी लिहिलंत, आणि पुढे काय झालं?" असं विचारा.

माझ्या नव्या प्रश्नसूचीत पहिला प्रश्न आता असा आहे: "परत आल्यावर पहिल्या सोमवारी टेबलावर कोणती फाईल होती, आणि ती तुम्ही कशी हाताळलीत?" लोक जरा थबकतात. 'खूप छान अनुभव होता' हे उत्तर इथे बसत नाही. मग कुणी हसून म्हणतं, "खरं सांगू? जशी आधी हाताळायचो तशीच."

हे उत्तर पहिल्यांदा मिळालं तेव्हा डेटा फुकट गेला असं वाटलं होतं. आता वाटतं, संशोधन तिथून सुरू झालं. तुमचा विषय कुठलाही असो, आराखडा जमा करण्याआधी एकदा बघून घ्या: दावा कुणाबद्दल करताय आणि प्रश्न कुणाला विचारताय? दोन्ही वेगळे असतील, तर मार्गदर्शकांनी सांगायच्या आत तुम्हीच थांबा.