रूपांतरकथांतील अपत्यजन्माचा प्रश्न

जालना जिल्ह्यातील अंबड येथे टेकडीवर मत्स्योदरी देवीचे प्राचीन स्थान असून नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते. टेकडीचा आकार माशासारखा आहे, म्हणून देवीला हे नाव मिळाले, अशी प्रचलित उपपत्ती आहे. ही उपपत्ती भूरूपावरून आलेली असल्याने केवळ नामसादृश्याच्या आधारे तिचा पुराणकथेशी संबंध जोडणे युक्त होणार नाही. तथापि मत्स्योदरी हे सत्यवतीचेही एक नाव होय, आणि सत्यवतीच्या जन्माची कथा एका जुन्या व बिकट प्रश्नाकडे लक्ष वेधते. देह पालटला असता त्या पालटलेल्या देहातून होणारे अपत्य कोणाचे, कोणत्या जातीचे आणि कोणत्या कुळाचे मानावयाचे?

हा प्रश्न आज एका अगदी निराळ्या क्षेत्रातही विचारला जातो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो आणि सर्व मिळून नियमांच्या आधारे एक अद्भुत कथा रचीत जातात. या खेळात मंत्रबळाने पशूचे किंवा अन्य प्राण्याचे रूप घेता येते. साहजिकच अशा रूपात गर्भधारणा झाली तर पुढे काय, ही शंका खेळाडूंना येते. शंका वरवर पाहता कौतुकाची वाटते. परंतु भारतीय कथावाङ्मयाने तिचा विचार केलेला आहे, आणि तो पुरेशा गांभीर्याने केलेला आहे.

आदिपर्वातील अद्रिका ही अप्सरा ब्रह्मदेवाच्या शापाने मत्स्यी होऊन यमुनेत राहते. उपरिचर वसू राजाचे रेत पाण्यात पडते, ते ती गिळते. दहाव्या महिन्यात ती कोळ्यांच्या जाळ्यात सापडते आणि तिच्या उदरातून एक मुलगा व एक मुलगी अशी मानवी अपत्ये निघतात. म्हणजे गर्भाशय माशाचे असले तरी गर्भ मानवाचा राहिला. येथे बीज श्रेष्ठ, क्षेत्र गौण हा स्मृतिकारांना परिचित असलेला सिद्धांत कथेच्या रूपाने प्रकट झाला आहे, असे कोणी म्हणेल. परंतु कथा तेथे थांबत नाही. मुलीच्या अंगाला माशाचा वास राहतो. क्षेत्राचा हा अवशेष पुसला जात नाही, आणि त्याचे फळ दोन भावंडांना सारखे मिळत नाही. मुलगा राजा घेऊन जातो व तो पुढे मत्स्य नावाचा राजा होतो. मुलगी वासामुळे कोळ्याच्या पदरात टाकली जाते. पराशराच्या वराने तो दुर्गंध नाहीसा होऊन तिथे सुगंध येतो खरा, परंतु तोवर तिचे कुळ ठरून गेलेले असते. अद्रिकेपुरते पाहिल्यास प्रसूती हीच शापमुक्ती होय. ती आपल्या लोकी निघून जाते. रूपांतर संपते, त्याचे ओझे मात्र कन्येच्या वाट्यास येते.

इलेच्या कथेत प्रश्नाचे स्वरूप अधिक सूक्ष्म होते, कारण येथे रूप एकदाच पालटत नाही, ते पुनःपुन्हा पालटते. रामायणाच्या उत्तरकांडात इल राजा एक महिना स्त्री व एक महिना पुरुष असा राहतो आणि एका अवस्थेत त्याला दुसरीचे स्मरण राहत नाही. स्त्रीरूपात तिचा बुधाशी संबंध येतो आणि नवव्या महिन्यात ती पुरूरव्याला जन्म देते. मग मधल्या पुरुषमासांत तो गर्भ कोठे होता? कवीने याचे उत्तर दिलेले नाही. भागवताच्या नवम स्कंधात हीच कथा निराळ्या क्रमाने येते. सुद्युम्न वनात स्त्री होतो, बुधापासून तिला पुरूरवा होतो, आणि त्यानंतर वसिष्ठाच्या प्रार्थनेवरून शंकर एकेक महिन्याच्या पालटाचा वर देतात. या क्रमात गर्भाची अडचण उद्भवतच नाही. हा बदल जाणूनबुजून केलेला आहे, असे सिद्ध करता येणार नाही. परंतु दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले असता उत्तरकांडात उघडा राहिलेला प्रश्न भागवतात मिटलेला दिसतो, यात शंका नाही.

भागवतकार आणखी एक गोष्ट नमूद करतो: अशा राजाला प्रजेने मनापासून मान्य केले नाही. परंतु राज्य जाते कोणाकडे, हे पाहण्यासारखे आहे. पुरुषावस्थेतील उत्कल, गय व विमल हे पुत्र दक्षिणापथाचे राजे होतात. प्रतिष्ठान मात्र पुरूरव्याला मिळते. (हे प्रतिष्ठान प्रयागजवळचे समजले जाते, गोदातीरावरील पैठणशी त्याची गल्लत करू नये.) स्त्रीदेहातून झालेला पुत्र सोमवंशाचा मूळपुरुष ठरतो, आणि तो ‘ऐल’ या मातृनामाने ओळखला जातो. एकनाथांनी ज्या एकादश स्कंधावर टीका केली, त्याच्या सव्विसाव्या अध्यायात वैराग्याचे उद्गार काढणारा राजा हाच ऐल होय. प्रजेला जे रूप अमान्य होते, त्याचे नाव वंशाने जपले.

अनुशासनपर्वातील भंगास्वनाच्या कथेत प्रश्न देहाचा किंवा कुळाचा न राहता ममतेचा होतो. या राजाला यज्ञाने शंभर पुत्र झालेले असतात. इंद्राच्या कोपाने तो सरोवरात स्नान करताच स्त्री होतो, वनात जातो, आणि एका तापसापासून तिला आणखी शंभर पुत्र होतात. ती त्यांना आधीच्या पुत्रांकडे आणून सर्वांनी मिळून राज्य भोगावे असे सांगते. इंद्र ब्राह्मणवेषाने येऊन हे राजाचे, ते तापसाचे असा भेद त्यांच्यात पाडतो, आणि दोनशे भाऊ परस्परांना मारतात. पुढे प्रसन्न झालेला इंद्र विचारतो की कोणते पुत्र जिवंत करू. तेव्हा स्त्रीदेहातून झालेले, असे ती सांगते, कारण स्त्रीचा स्नेह पुरुषापेक्षा अधिक असतो. इंद्र सर्वांनाच उठवितो. ती मात्र स्त्रीच राहू इच्छिते. या आख्यानाचा आरंभ स्त्रीपुरुषांपैकी कोणाचे सुख अधिक, या युधिष्ठिराच्या पृच्छेने होतो, आणि बहुधा तेवढ्यासाठीच ते उद्धृत केले जाते. त्यामुळे त्यातील खरा आशय बाजूला पडतो. पित्याच्या नावावरून झालेल्या कलहाने पुत्र मेले. निवड करावयाची वेळ आली तेव्हा प्रसववेदनेचे नाते निर्णायक ठरले.

मराठी लोकपरंपरेने हा विषय विनोदाच्या अंगाने घेतला. नारदाची नारदी झाली व तिला साठ पुत्र झाले. प्रभव, विभव इत्यादी साठ संवत्सरे ती हीच, ही कथा कीर्तनातून घरोघर पोहोचली, आणि ‘नारदाची नारदी’ हा वाक्प्रचार रूढ झाला. श्रोते ब्रह्मचाऱ्याच्या फजितीला हसतात. परंतु पाडव्याला पंचांग उघडून संवत्सराचे नाव वाचणारा माणूस त्या क्षणिक रूपांतराचेच अपत्य मोजीत असतो. नारद पुन्हा नारद झाला, तरी साठ पुत्र नाहीसे झाले नाहीत.

या पार्श्वभूमीवर वरील खेळातील व्यवस्था तपासावी. २०१४ च्या आवृत्तीत रूपांतराच्या मुख्य मंत्राला जास्तीत जास्त एक तासाची मर्यादा आहे. रूप नाहीसे होताच पात्र पूर्ववत होते. नियम बळ, चपळता, जीवनशक्ती यांचा हिशेब चोख ठेवतात. रूप हे तेथे पांघरुण आहे, आणि पांघरुणाला गर्भ राहत नाही. मात्र त्याच खेळात अन्य रूप घेतलेल्या ड्रॅगनपासून अर्धड्रॅगन संतती होते असे मानले आहे. तिच्या अंगी पित्याचे किंवा मातेचे मूळ रूप उमटते. म्हणजे घेतलेले रूप लोपते, खरे रूप अपत्यात उतरते. अद्रिकेच्या कथेत याच्या उलट घडते: अप्सरेचे सौंदर्य मागे राहिले की नाही याची चर्चा होत नाही, उरतो तो शापित देहाचा गंध.

हा भेद केवळ कल्पनेचा नव्हे. खेळाला पात्र पुढील डावासाठी अखंड हवे असते, म्हणून तो बदल परत फिरवितो. पुराणकथेला वंश सांगावयाचा असतो, म्हणून ती परत न फिरणाऱ्या गोष्टीवर बोट ठेवते. शापाला उःशाप असतो, वराला अवधी असतो. जन्माला दोन्ही नाहीत. रूपांतरकथांचे परीक्षण आजवर बहुतांशी शाप, वर व लीला या कोटींत झाले. या कोटी रूप बदलणाऱ्याचा विचार करतात. त्या रूपातून जन्मलेल्याचा विचार केला की कथेचा भार दुसरीकडे सरकतो: गंधामुळे टाकलेली कन्या, मातृनामाने राज्य करणारा पुत्र, बापांच्या नावाने मारले गेलेले भाऊ. या कथांचा अभ्यास करणाऱ्याने कोण काय झाला एवढे विचारून थांबू नये. नंतर कोण उरले आणि त्याला कोणी आपले म्हटले, हेही विचारावे.