प्रातिनिधिक कुटुंब : दोन पाठ्यग्रंथांमधली दरी

मराठीतून अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना अंशलक्षी आणि समग्रलक्षी हे दोन शब्द परिचयाचे आहेत. अंशांची बेरीज करून समग्र मिळते का, हा मूलभूत प्रश्न या दोन शब्दांच्या मध्ये उभा आहे. पदव्युत्तर वर्गात मात्र त्यांचे दोन स्वतंत्र पेपर असतात आणि हा प्रश्न बहुधा दोहोंच्या मधल्या सुट्टीत राहून जातो.

या पेपरांसाठी दोन ग्रंथ जगभर प्रमाण मानले गेले. एक, मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचा सुमारे हजार पानांचा ‘मायक्रोइकॉनॉमिक थिअरी’ (१९९५). दुसरा, डेव्हिड रोमर यांचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड मॅक्रोइकॉनॉमिक्स’ (१९९६). दोन्ही शेजारी ठेवून वाचले की एक विसंगती लक्षात येते.

पहिल्या ग्रंथाचे चौथे प्रकरण समग्र मागणीवर आहे. सर्वांची मागणी एकाच ग्राहकाची समजून चालता यावे, यासाठी तेथे अतिशय कडक अट येते. सोप्या भाषेत सांगायचे तर, वाढीव शंभर रुपये शेतमजूर आणि कारखानदार यांनी अगदी सारखेच खर्च केले पाहिजेत. पुढे सतराव्या प्रकरणात झोननशाइन, मँटेल आणि डेब्रू यांचा १९७२ ते १९७४ या काळातला निष्कर्ष येतो : प्रत्येक व्यक्ती विवेकी असली, तरी बाजाराच्या एकूण मागणीला जवळजवळ कोणताही आकार येऊ शकतो.

रोमर यांचे दुसरे प्रकरण उघडले, की एकसारखी असंख्य कुटुंबे भेटतात. १९२८च्या रॅम्सी यांच्या लेखापासून चालत आलेली ही मांडणी गणिताला सोयीची आहे. १९७६मध्ये ल्यूकस यांनी केलेल्या टीकेनंतर समग्रलक्षी सिद्धान्ताला व्यक्तीच्या निर्णयांचा पाया हवा, असा आग्रह वाढला. पण तो पाया एकाच कुटुंबाचा घातला, तर पहिल्या ग्रंथाने दिलेला इशाराच गाडला जातो. कर्मन यांनी १९९२मध्ये दाखवले, की सर्व व्यक्तींना ‘ब’ हा पर्याय पसंत असूनही त्यांचा ‘प्रतिनिधी’ ‘अ’ निवडू शकतो. मग लोककल्याणाचा हिशेब नेमका कोणाच्या वतीने मांडायचा?

आपल्याकडे ही शंका केवळ तात्त्विक नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा १९७१चा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास राष्ट्रीय नमुना पाहणीतील निरनिराळ्या खर्चगटांच्या आकड्यांवर उभा आहे. तेथे सगळी कुटुंबे एकसारखी मानली असती, तर दारिद्र्य हा विषयच उरला नसता.

रोमर यांच्यावर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. प्रारंभिक प्रतिमान साधेच असावे लागते आणि नंतरच्या संशोधनाने ही उणीव ओळखली आहे. आयगरी यांच्या १९९४च्या लेखापासून उत्पन्न आणि बचत यांतील भिन्नता प्रतिमानात आणण्याचे काम सुरू आहे. अडचण अध्यापनाची आहे. विद्यार्थी समीकरण सोडवायला शिकतो. ते समीकरण कोणाला वगळून सुटले, हे त्याला विचारले जात नाही.

उपाय फार मोठा नाही. रोमर यांचे दुसरे प्रकरण सुरू करण्याआधी मास-कोलेल यांचे चौथे प्रकरण त्याच वर्गात, त्याच शिक्षकाने शिकवावे. परीक्षेतही एक प्रश्न असावा : या प्रतिमानातले कुटुंब कोणाचे?