बार्बियानाचे पत्र आणि आमच्या मुलांचे निबंध

1967 च्या मे महिन्यात इटलीतील फ्लॉरेन्स शहरातल्या एका प्रकाशनसंस्थेने एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर लेखक म्हणून कोणा व्यक्तीचे नाव नव्हते. ‘बार्बियानाची शाळा’ एवढाच उल्लेख होता. पुस्तकाचे नाव ‘एका शिक्षिकेस पत्र’, आणि ते लिहिणारी होती डोंगराळ भागातील आठ मुले. शाळेने नापास करून घरी पाठविलेल्या गरिबांच्या मुलांची बाजू त्यांनी आपल्या जुन्या शिक्षिकेपुढे मांडली होती. पुढे अनेक भाषांत या पत्राचे अनुवाद झाले, मराठीतही झाला. शिक्षणक्षेत्रातील मंडळी हे पुस्तक ‘कोणाला नापास करू नका’ या मागणीसाठी ओळखतात. आम्हांला येथे त्याचा विचार निराळ्या अंगाने करावयाचा आहे. पाचवी ते आठवीच्या वयातील मुलांना वाचावयास आणि लिहावयास कसे शिकवावे याविषयी हे पुस्तक काय सांगते, आणि त्या शिकवणीचे फळ म्हणून ते स्वतः कितपत उतरते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या मुलांचे गुरू फादर लोरेंझो मिलानी यांची ओळख आमच्या वाचकांना थोडक्यात करून देणे आवश्यक आहे. 1923 साली फ्लॉरेन्समधील एका सधन आणि विद्याव्यासंगी घराण्यात त्यांचा जन्म झाला. पणजोबा दोमेनिको कोंपारेत्ती हे नामांकित भाषापंडित होते. आई ज्यू घराण्यातील होती. चित्रकलेच्या मागे लागलेला हा तरुण 1943 मध्ये श्रद्धेकडे वळला आणि 1947 मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली. पहिल्याच धर्मग्रामात त्यांनी कामगार तरुणांसाठी रात्रीची शाळा चालविली. तेथील त्यांची मते व रीती सर्वांना रुचणाऱ्या नव्हत्या. 1954 च्या डिसेंबरात त्यांची नेमणूक बार्बियाना या आडगावी झाली. डोंगरावर विखुरलेली काही घरे, एक चर्च. ना वीज, ना धड रस्ता. 1958 साली त्यांचे धर्मग्रामाच्या अनुभवांवरील पुस्तक व्हॅटिकनच्या आदेशाने विक्रीतून काढून घेण्यात आले. पत्र प्रसिद्ध झाले त्यानंतर महिनाभरातच, 26 जून 1967 रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे 44. पन्नास वर्षांनी, 20 जून 2017 रोजी, पोप फ्रान्सिस बार्बियानाला गेले आणि त्या कबरीपाशी त्यांनी प्रार्थना केली. ख्रिस्तसभेच्या इतिहासात न्याय असा कधीकधी पन्नास वर्षांच्या वाटेने येतो.

चर्चच्या घरात भरणारी ही शाळा म्हणजे प्राथमिक पाच इयत्ता आटोपून पुढे वाट नसलेल्या मुलांची शाळा. बाके नाहीत, मोठी मेजे, त्यांवरच अभ्यास आणि त्यांवरच जेवण. प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत, तिच्याभोवती मुलांचे कोंडाळे. थोड्या मोठ्या मुलाने लहानांना शिकवावयाचे, अशी रीत. सकाळपासून अंधार पडेपर्यंत अभ्यास, आणि सुट्टी म्हणून नाही. आमच्या मुलांना हे वाचून दाखविले तर ती दचकतील. पण त्या मुलांना सुट्टी म्हणजे गोठ्यातील शेण काढणे होते, हेही ती मुलेच सांगतात.

आता लेखनाकडे वळू. सर्व पुस्तकात आम्हांला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग जेमतेम दोन पानांचा आहे. आकडेवारीचे तक्ते आणि शिक्षिकेवरील तिखट वाग्बाण यांच्या गर्दीत तो सहज नजरेआड होतो. पत्र कसे लिहिले हे मुले तेथे सांगतात. प्रत्येकाच्या खिशात एक वही असते. विचार सुचला की टिपून ठेवावयाचा. एका चिठ्ठीवर एकच विचार, तोही एकाच बाजूला. मग एके दिवशी साऱ्या चिठ्ठ्या मोठ्या मेजावर मांडावयाच्या. एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एक चिठ्ठी बाजूला. परस्परांशी नाते असलेल्या चिठ्ठ्यांचे ढीग करावयाचे, तीच प्रकरणे. ढिगांतून परिच्छेद पाडावयाचे आणि प्रत्येक परिच्छेदाला नाव देऊन पाहावयाचे. नाव सुचत नसेल तर त्या परिच्छेदात काही सांगितलेलेच नाही, किंवा एकाऐवजी दोन गोष्टी कोंबल्या आहेत, असे समजावयाचे. मग क्रम लावावयाचा, कच्चा मसुदा करून त्याच्या प्रती काढावयाच्या, आणि कात्री, डिंक व रंगीत पेन्सिली घेऊन पुन्हा सारे उलथेपालथे करावयाचे. अखेरीस चढाओढ लागते, आणि ती आणखी सजविण्याची नसून गाळण्याची असते: फाजील विशेषण, पुनरुक्ती, खोटे वाक्य, कठीण शब्द, एका वाक्यात शिरलेल्या दोन कल्पना. शेवटी बाहेरची माणसे एकेक करून बोलवावयाची, शक्यतो फारशी न शिकलेली. त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावयाचे आणि आपल्याला म्हणावयाचे होते तेच त्यांना समजले की नाही हे पाहावयाचे. स्पष्टतेसाठी केलेली सूचना स्वीकारावयाची. सावधपणासाठी केलेली नाकारावयाची.

ही कृती मिलानींची एकट्याची नव्हे. 1963 साली मारिओ लोदी हे प्राथमिक शिक्षक बार्बियानाला येऊन गेले. मुलांनी मिळून लिहावे, एका शाळेच्या मुलांनी दुसऱ्या शाळेच्या मुलांना पत्रे पाठवावीत, ही रीत ते आपल्या खेड्यातील वर्गात चालवीत होते. बार्बियानाच्या मुलांनी त्याच वर्षी लोदींच्या विद्यार्थ्यांना पत्र लिहिले. म्हणजे ज्या पद्धतीने पुढे एक गाजलेले पुस्तक घडले, तिचा पहिला प्रयोग दुसऱ्या गावातील लहान मुलांना आपली खुशाली कळविण्यासाठी झाला.

या पद्धतीच्या मुळाशी दोन साध्या अटी आहेत. लिहिणाऱ्यापाशी सांगण्याजोगे काही असले पाहिजे, आणि ते कोणाला सांगावयाचे हे त्याला ठाऊक असले पाहिजे. शाळेने या मुलांपैकी एकाला निबंधाचा विषय दिला तो असा, की रेल्वेचे डबे बोलत आहेत. डब्यांना काय सांगावयाचे आहे आणि कोणाला, हे त्याला कळेना. वाचताना मराठी वाचकाला हसू येते आणि लगेच ते मावळते. ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘एका नदीचे मनोगत’, ‘सूर्य उगवला नाही तर’: आमच्या कित्येक पिढ्यांनी हेच डबे ओढले आहेत. कल्पनेला आमचा विरोध नाही. खाडीकाठी वाढलेल्या मुलाला खाडीच्या तोंडी शब्द घालावेसे वाटले तर तो काहीतरी खरे लिहील. परंतु वर्गातील चाळीस वह्यांतली नदी एकाच मार्गदर्शकातून उगम पावते, त्याच उपमांच्या वळणांनी वाहते आणि प्रदूषणाविषयी तीन वाक्ये म्हणून समुद्राला मिळते. मुलाने तेथे लेखन केलेले नसते. पाठांतर उतरविलेले असते. शिक्षकाला ते ठाऊक असते, मुलालाही ठाऊक असते, आणि दहापैकी सात गुण देऊन दोघेही सुटतात. वाचक म्हणून त्या वहीला कोणीच नसतो.

आमच्या पद्धतीला पत्रलेखनही परके नाही. पाठ्यपुस्तकात औपचारिक व अनौपचारिक पत्रांना जागा आहे. पण ‘अ. ब. क.’ नावाच्या मुलाने काल्पनिक पत्त्यावरून काल्पनिक पुस्तक विक्रेत्याकडे मागणी नोंदविणे, यात पत्राचे सर्व अवयव येतात आणि प्राण तेवढा राहतो. ते पत्र पेटीत पडणार नाही, त्याचे उत्तर येणार नाही. मायन्याच्या चुकीला मात्र अर्धा गुण कापला जाईल.

वाचनाबाबत हे पुस्तक तितके सविस्तर नाही, परंतु जे आहे ते बोचणारे आहे. शाळेत मुलांना महाकाव्ये जुन्या पंडिती अनुवादांतून वाचावयास लावतात, रोजचे वर्तमानपत्र समजावून देत नाहीत. आणि ज्या देशात घरोघरी क्रूस टांगलेला आहे तेथे शुभवर्तमानाला साहित्य म्हणून वर्गात एक मिनिटही मिळत नाही, असा या मुलांचा आक्षेप आहे. आम्हां कॅथलिक कुटुंबांना तो निराळ्या रीतीने लागू पडतो. आमच्याकडे शुभवर्तमान वाचले जाते, नव्हे, मुले ते वेदीपाशी उभी राहून वाचतात. सहावी-सातवीतील मूल रविवारच्या मिस्सेत संत पौलाच्या पत्रातील उतारा खणखणीत आवाजात वाचते, आईवडिलांचे डोळे भरून येतात. पौलाची वाक्ये लांब; त्यांत ‘म्हणून’, ‘जरी’, ‘तरी’ यांच्या कड्या. त्या मुलाला खाली उतरल्यावर ‘हे पत्र कोणी कोणाला लिहिले होते, आणि का?’ असे विचारले तर उत्तर मिळेल काय? पौलाला सांगण्याजोगे होते आणि कोणाला सांगावयाचे हे पक्के ठाऊक होते. बार्बियानाच्या दोन्ही अटी पुऱ्या करणारी पत्रे आमच्या मुलांच्या हाती दर रविवारी असतात, आणि ती आम्ही उच्चारांच्या परीक्षेपुरती वापरतो.

पुस्तकात उणिवा आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पहिली अशी की त्याचा स्वर फार एकसंध आहे. आठ मुलांच्या चिठ्ठ्यांतून तो घडला असे सांगितले जाते. पण वाक्यांची धार, उपरोधाचा नेमका क्षण, हे सारे एका सरावलेल्या हाताची साक्ष देते. मिलानींनी स्वतः श्रेय मुलांना दिले आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही गुरूचा कान त्या मसुद्यावर सतत होता असेच आम्ही समजतो, आणि त्यात पुस्तकाचे काही कमी होते असेही मानीत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ज्या शिक्षिकेला हे पत्र आहे तिला उत्तराची जागाच ठेवलेली नाही. पूर्ण वेळेच्या शाळेसाठी शिक्षकांनी अविवाहित राहावे असेही ही मुले सुचवून टाकतात! धर्मगुरूच्या छायेत वाढलेल्या मुलांना ते सोपे वाटले असावे. दोन वेळचा स्वयंपाक करून शाळेला धावणाऱ्या आमच्या बाईंना ते वाचून काय वाटेल, याची कल्पना करवत नाही.

तिसरा मुद्दा मतभेदाचा आहे. बोलताना आपण जो शब्द वापरीत नाही तो लिहितानाही वापरू नये, असा या मुलांचा एक नियम आहे. निबंधातील ‘मनोहारी सृष्टिसौंदर्या’वर तो उत्तम उतारा आहे. परंतु हा नियम शेवटपर्यंत नेला तर मुलाने नवा शब्द घ्यावा कोठून? आणि आमच्यापुढे आणखी एक पेच आहे: आम्ही बोलतो ते कोणते? वसईतील आमच्या कित्येक घरांत सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते, वर्गात प्रमाण मराठी असते, आणि अलीकडे पुष्कळ मुलांचा वर्गच इंग्रजी झाला आहे. या मुलाला ‘बोलतोस तसे लिही’ म्हणताना आजीशी बोलतोस तसे, की बाईंशी बोलतोस तसे, हे सांगावे लागेल.

या पेचाला आमच्याच परंपरेत एक जुने उत्तर आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्याच्या गद्य प्रस्तावनेत फादर सांगतात की शुद्ध मराठी सामान्य लोकांना उमगत नाही, म्हणून पुराणाचा लाभ अनेकांना व्हावा यासाठी कवित्वातील कठीण शब्द टाळले आणि स्थानिक ब्राह्मण बोलीतील काही सोपे शब्द मिसळले. मराठीच्या थोरवीवर मुग्ध झालेल्या त्या परदेशी माणसाने वाचक कोण हे आधी ठरविले आणि शब्द मागाहून निवडले. ग्रंथ मराठी राहिला, भारदस्तही राहिला; बोलीला मात्र त्याने दाराबाहेर ठेवले नाही. बार्बियानाच्या नियमापेक्षा हा नियम आम्हांला अधिक शहाणा वाटतो, कारण तो भाषा गाळतो तशी वाढवितोही. ‘बोलत नाहीस तो शब्द लिहू नकोस’ असे न म्हणता ‘ज्याच्यासाठी लिहितोस त्याला कळेल असे लिही’ असे मुलांना सांगितले, तर घरची बोली, शाळेची मराठी आणि पुस्तकातील नवे शब्द या तिन्हींना वहीत जागा मिळते.

या चर्चेला आज निकड आहे ती आणखी एका कारणाने. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवू नये असे ठरविले होते. 2019 च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत अनुत्तीर्ण करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्रानेही पुढे ती घेतली. ढकलगाडीला कंटाळलेल्या अनेक पालकांनी व शिक्षकांनी या बदलाचे स्वागत केले. त्यांची चिंता खोटी नव्हती. न वाचता येणारे मूल आठवीत पोहोचविणे ही त्या मुलावर केलेली दया नव्हे. पण बार्बियानाच्या पत्राचा वाचक येथे एवढे विचारील, की ज्या वहीच्या आधारे मूल मागे राहणार आहे, त्या वहीत त्याला स्वतःचे म्हणून काही लिहावयास कधी सांगितले होते का?

आमच्या धर्मग्रामांच्या शाळांना आणि रविवारच्या धर्मशिक्षण वर्गांना हा प्रयोग फारसा खर्चाचा नाही. बावखलात कचरा पडतो, शाळेजवळच्या वळणावर एसटी थांबत नाही, पणजोबांच्या वेळचे लग्नातले गाणे आता दोघींनाच येते: सहावीच्या वर्गाला चिठ्ठ्या भरण्यास विषय तोटा पडू देणार नाहीत, आणि पत्र धाडावयास खरा पत्ताही मिळेल. मसुदा तपासणारे बाहेरचे वाचक तर बार्बियानाला डोंगर उतरून आणावे लागत असतील; आमच्याकडे चौथीपर्यंत शिकलेली आजी पडवीत बसलेली असते. नातवाने कागद तिच्या हाती द्यावा, तिने चष्मा लावून मोठ्याने वाचावा, आणि ती जेथे अडखळेल तेथे त्याने पेन्सिलीने खूण करावी.